शुक्रवारी पैकीच्या पैकी, सोमवारी पाटी कोरी

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा आठवीत आहे. इंग्रजीच्या तासाला सध्या 'डिस्टोपियन' गोष्टी चालल्या आहेत, म्हणजे भविष्यातल्या बिघडलेल्या समाजाच्या. त्यात कर्ट व्हॉनेगट यांची 'हॅरिसन बर्जरॉन' ही गोष्ट आहे. सोमवारी गोष्टीतल्या वीस शब्दांची यादी मिळते आणि शुक्रवारी चाचणी. हा गुरुवारी रात्री कार्डं घेऊन बसतो, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. घोकतो आणि पैकीच्या पैकी मार्क आणतो. सोमवारी विचारलं तर निम्मे शब्द गेलेले. माझं शिक्षण साताऱ्याला, मराठी माध्यमातून. मराठीतून समजावायला गेले की 'आई, तुला नाही कळणार' म्हणतो. ओळखीच्या एका बाईंनी तर बजावलं, की मराठीत अर्थ सांगूच नका, मुलांचं इंग्रजी बिघडतं. शेवटी ती गोष्ट मीच वाचली आणि रात्री झोप लागली नाही. आईवडिलांच्या डोळ्यांदेखत मुलाला गोळ्या घालतात! तेरा वर्षांच्या पोराला असलं देतात का? सोबत यादीचा फोटो पाठवते आहे.
– एक आई

सप्रेम नमस्कार,

मुलाच्या स्मरणशक्तीची काळजी सोडा. गुरुवारी रात्री केलेलं पाठांतर शुक्रवारपुरतंच असतं आणि ते आपलं काम चोख करतंय. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं 1885 साली स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळानं किती उरतात ते मोजायचं. त्याला दिसलं, की विसरण्याचा सगळा जोर सुरुवातीलाच असतो. पुढे 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे. तुमच्या घरातला शुक्रवार आणि सोमवार हाच आहे.

कार्डांवर माझा राग नाही. कार्डाच्या मागच्या बाजूला जे लिहिलंय त्यावर आहे. फोटोत एका कार्डाची मागची बाजू दिसते आहे, तिच्यावर शब्दकोशातली दीड ओळ उतरवलेली आहे. तिच्यात ना जॉर्ज आहे, ना हेझल, ना ते घर. असा शब्द लक्षात राहील तरी कशाच्या आधारानं?

बाकी वाचकांसाठी गोष्ट थोडक्यात सांगते. ती ऑक्टोबर 1961 मध्ये अमेरिकेतल्या एका विज्ञानकथा मासिकात आली, पाच-सहा पानांची आहे. साल 2081. सगळे नागरिक शेवटी एकदाचे समान झालेत, कारण तसा कायदाच आहे. राज्यघटनेच्या 211, 212 आणि 213 व्या दुरुस्तीनं. (आज अमेरिकेच्या घटनेत 27 दुरुस्त्या आहेत आणि गोष्ट छापून आली तेव्हा 23 होत्या. मुलाला समाजशास्त्रात घटना शिकवतात, तेव्हा 213 आकडा वाचून त्यानं हसायला हवं. हसला नसेल तर तिथंच थांबून विचारा.) कुणी इतरांपेक्षा हुशार नको, देखणा नको, चपळ नको. मग देखण्यांना मुखवटे, बळकटांच्या गळ्यात वजनं आणि हुशारांच्या कानात एक छोटा रेडिओ, जो दर वीसेक सेकंदांनी कर्कश आवाज काढून विचाराची साखळी तोडतो. जॉर्ज आणि हेझल टीव्हीवर नाच बघत बसलेत. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा हॅरिसन सरकारनं उचलून नेलाय. तो तुरुंगातून पळून टीव्हीच्या स्टुडिओत घुसतो, अंगावरची सगळी ओझी तोडून टाकतो, एका नर्तकीला घेऊन छताला टेकेपर्यंत नाचतो आणि मारला जातो.

आता यादीतला एक शब्द नीट बघू. 'विन्स'.

कार्डाच्या मागे असेल, 'वेदनेनं चेहरा वाकडा होणे'. बरोबर आहे, मार्क मिळतील. पण गोष्टीत तो येतो ती जागा काढा. जॉर्जच्या कानात आवाज फुटतो आणि त्याचा चेहरा आक्रसतो. त्याच्या पुढच्याच वाक्यात, टीव्हीवरच्या आठ नर्तकींपैकी दोघींचाही. बस्, एवढंच. लेखक काहीच समजावत नाही. मुलाला विचारा: दोघींचाच का? बाकीच्या सहा जणींना काय झालं? त्याला मिनिटभर लागेल. मग लक्षात येईल, की कानातला आवाज फक्त हुशारांना. म्हणजे वजनं लादून, मुखवटे चढवून नाचणाऱ्या त्या आठ जणींत दोघी तल्लख डोक्याच्या आहेत आणि टीव्ही बघणाऱ्या कुणालाही त्याचा पत्ता नाही. पुढे एक आवाज इतका भयंकर येतो की जॉर्ज पांढराफटक पडतो, डोळ्यांत पाणी येतं. त्याच वेळी आठपैकी दोन नर्तकी कानशिलं धरून जमिनीवर कोसळलेल्या असतात. 'विन्स' हा शब्द डोळ्यांखालून नुसता सरकला, तर या दोघी गोष्टीतून गायब होतात.

म्हणून त्या कार्डाच्या मागे शब्दकोश नको. 'जॉर्ज, कानातला आवाज, आठपैकी दोघी' एवढं पुरे.

आणि स्वयंपाकघरात एक प्रयोग करा. मुलाला टेबलाशी गोष्टीचं एक पान मनात वाचायला बसवा. तुम्ही मागे स्टीलचं ताट आणि पळी घेऊन उभ्या राहा आणि घड्याळ लावून दर वीस सेकंदांनी एक दणका द्या. आधी तो दचकेल. पण दचकताना अंग उडतं, तो हा शब्द नव्हे. दोन-तीन दणक्यांनंतर आवाज येणार हे त्याला माहीत असतं, अंग उडत नाही, फक्त डोळे मिटले जातात आणि तोंड कसनुसं होतं. त्या क्षणी त्याच्यासमोर आरसा धरा. पान संपल्यावर विचारा, काय वाचलंस? सांगता आलं नाही, तर जॉर्जला एवढ्या बुद्धीचा माणूस असून काही आठवत का नाही, हेही त्याला वेगळं समजवावं लागणार नाही. शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या म्हणजे झालं.

यादीतला दुसरा शब्द तुमच्या हक्काचा आहे: 'हँडिकॅप'. तो ऐकल्यावर आपल्या पिढीला अपंगत्व आठवतं. पूर्वी सर्रास 'हँडिकॅप्ड' म्हणायचे. आता मराठीत दिव्यांग म्हणतात आणि अमेरिकेतही माणसांसाठी तो शब्द टाळतात. मुलाला शाळेत हे सांगितलं असेलच. पण गोष्टीतला अर्थ तो नाहीच. तो घोड्यांच्या शर्यतीतला आहे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणारा कुणी काका-मामा नात्यात असेल तर त्याला फोन लावून द्या, तो शिक्षिकेपेक्षा चांगलं सांगेल. जो घोडा जास्त पळतो त्याच्या पाठीवर जास्त वजन द्यायचं, खोगिराला शिशाच्या पट्ट्या लावायच्या, म्हणजे चांगला आणि सुमार घोडा एका पातळीवर येऊन शर्यत अटीतटीची होईल. कुठल्या घोड्यावर किती वजन हे ठरवणारा अधिकारी असतो, त्याला हँडिकॅपरच म्हणतात. शब्दाचं मूळ आणखी मागे, इंग्लंडमधल्या एका अदलाबदलीच्या खेळात आहे. दोघांच्या वस्तूंची किंमत पंच ठरवायचा आणि सगळ्यांनी टोपीत पैसे धरून हात घालायचे. 'हँड इन कॅप'. सॅम्युअल पीप्स नावाच्या सरकारी कारकुनानं 1660 च्या रोजनिशीत हा खेळ खेळल्याची नोंद केली आहे. हातात टोपी घेऊन भीक मागणाऱ्या अपंगांवरून शब्द आला, असा एक मेसेज फिरत असतो. तो खोटा आहे, पुढे पाठवू नका.

आता गोष्टीकडे या. जॉर्जच्या गळ्यात कुलूप लावलेली पिशवी आहे, 47 पाउंड छऱ्यांची, म्हणजे एकवीस किलोंहून जास्त. शर्यतीत घोड्यावर चढवतात तेच वजन इथं माणसाच्या गळ्यात आलंय. घरात इंडियन ग्रोसरीतली 20 पाउंडांची तांदळाची पिशवी असेल, तर मुलाला तशा दोन उचलून जिना चढायला सांगा (गळ्यात अडकवू नका, हातातच). त्यावर आणखी सात पाउंड, दिवसरात्र. यातला एकेक छर्रा काढला तर दर छऱ्यामागे दोन वर्षं तुरुंग आणि दोन हजार डॉलर दंड. आणि या सगळ्या खात्याच्या प्रमुख बाईंचं पद काय, तर 'हँडिकॅपर जनरल'. अमेरिकेत ॲटर्नी जनरल असतो, सर्जन जनरल असतो, तसं. रेसकोर्सवरचा एक हिशेबनीस उचलून थेट मंत्रालयात बसवला! व्हॉनेगट यांचा विनोद हा असा असतो, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता केलेला. शब्द फक्त 'अडचण' म्हणून पाठ केला तर विनोद हातचा जातो.

यादीतले सगळे शब्द एका मोलाचे नाहीत, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. मुलाच्या शिक्षिका 'टिअर टू', म्हणजे दुसरा थर, असं काही म्हणाल्या असतील तर घाबरू नका. इसाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिओन या अभ्यासकांनी मांडलेली ती वर्गवारी आहे. रोजचे शब्द पहिल्या थरातले, ते मूल आपसूक शिकतं. तिसऱ्या थरातले एखाद्या धंद्यापुरते किंवा विषयापुरते. मधला थर म्हणजे पुस्तकांत, बातम्यांत, सगळ्या विषयांत भेटणारे शब्द, आणि मेहनत घ्यायची ती त्यांच्यावर. तुमच्या यादीतले व्हिजिलन्स, हिंडरन्स, इम्पेडिमेंट, कन्स्टर्नेशन, न्यूट्रलाइझ, सिंक्रोनाइझ, कॅलिब्रेट हे असे. 'सॅश-वेट' मात्र जुन्या खिडक्या वरखाली सरकाव्यात म्हणून चौकटीच्या आत लपवलेलं लोखंडी वजन. एकदा सांगून सोडून द्या. 'बर्डशॉट' म्हणजे छर्रे. तेही सोडा, फक्त एक गंमत दाखवून. शेवटी हॅरिसनवर जी दुनळी चालते, त्याच जातीच्या बंदुकीत भरायची ही वस्तू. बाप जे गळ्यात घालून बसलाय, ते कुठून आलं ते बघा.

'ग्रॅकल' हाही शब्द पाठ करू नका, पक्षी दाखवा. न्यू जर्सीत दुकानांच्या पार्किंगमध्ये हिंडणारा लांब शेपटीचा काळा पक्षी, उन्हात डोक्यावर निळी-जांभळी झाक मारणारा, तोच. त्याचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. गोष्टीत एका नर्तकीचा आवाज मुळात अतिशय गोड असतो. तो वापरणं इतरांवर अन्याय, म्हणून ती माफी मागते आणि मुद्दाम ग्रॅकलसारखी ओरडत बातमी वाचते. गाडीची काच खाली करून तो आवाज मुलानं एकदा ऐकला, की झालं.

आता त्या ओळखीच्या बाई. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि मराठीत अर्थ सांगणं चालू ठेवा. तेराव्या वर्षी नवीन शब्दाचा अर्थ पटकन पकडायला घरची भाषा फार उपयोगी पडते. इंग्रजीतून इंग्रजी अर्थ सांगताना बऱ्याचदा एका अनोळखी शब्दाची जागा दुसरा अनोळखी शब्द घेतो. 'कन्स्टर्नेशन'चा शब्दकोशातला अर्थ वाचा, त्यातला निम्मा पुन्हा शोधावा लागेल. त्यापेक्षा स्टुडिओत हॅरिसन दार उखडून शिरतो तेव्हा लोकांची जी धांदल उडते, जी गाळण उडते, ती म्हणजे कन्स्टर्नेशन, असं सांगा. 'काऊअर' सांगताना आपल्याकडं 'अंग चोरून बसणं' आहे. सगळे वादक आणि तंत्रज्ञ हॅरिसनसमोर गुडघ्यांवर तसे बसलेत. 'इम्पेडिमेंट'मध्ये लॅटिन पाय आहे, पायात अडकून चालू न देणारी गोष्ट. आपला 'खोडा' अगदी तोच, कैद्याच्या पायात घालायचा. गोष्टीतला बातमीदार तोतरा आहे आणि लेखक सहज जाता जाता सांगतो, की सगळेच बातमीदार तसे असतात. बोलण्यातच खोडा असलेल्या माणसाला बातम्या वाचायला का बसवलं असेल? हे मुलाला विचारा आणि मराठीतच वाद घाला.

आणि 'तुला नाही कळणार' याचं उत्तर तुमच्याच बोलण्यात आहे. साताऱ्याच्या सरकारी कचेऱ्यांत ऑक्टोबरअखेर दक्षता सप्ताहाचे फलक लागतात, त्यांवर 'व्हिजिलन्स' लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. गाडी 'न्यूट्रल'ला टाक असं आपण रोज म्हणतो. हॅरिसन आणि ती नर्तकी नाचताना गुरुत्वाकर्षणालाच न्यूट्रल करून टाकतात. घरात कुणी इंजिनियर असेल तर 'कॅलिब्रेट' त्याच्या तोंडी दिवसाला चारदा येतो. फोन 'सिंक' होतो तेव्हा 'सिंक्रोनाइझ' होतो. मुलाला हे एकदा ऐकवा. त्याच्या वीस शब्दांपैकी पाच-सहा तुमच्या मराठीत आधीच राहायला आलेले आहेत, आणि तुम्ही ते चाचणी न देता शिकलात.

नाचाच्या प्रसंगात एका वाक्यात सात क्रियापदं ओळीनं येतात. त्यांतले 'केपर' आणि 'गॅम्बल' यादीत आहेत. ती सुटी सुटी पाठ करण्यात वेळ घालवू नका. दिवाणखान्यातलं टेबल बाजूला करा आणि त्याला करून बघू द्या: झोकांडी खाणं, गरगरणं, गिरकी घेणं, तोऱ्यात अंग झटकणं, उड्या मारणं, बागडणं, भिरभिरणं. कुठला शब्द कुठल्या हालचालीचा यावर भांडण होईल. होऊ द्या, भांडताना शब्द पक्के होतात. फक्त बागडण्याच्या 'गॅम्बल'चं स्पेलिंग तपासा. जुगाराचा 'गॅम्बल' उच्चाराला अगदी तसाच आहे आणि चाचणीत नेमकी तिथंच गल्लत होते. आठवीतला मुलगा आईसमोर बागडायला तयार नसेल, तर तुम्ही बागडा आणि त्याला शब्द ओळखायला सांगा.

यादीत जे शब्द नाहीत, त्यांच्याबद्दल मला जास्त बोलायचंय. ईक्वल. फेअर. नॉर्मल. ॲव्हरेज. हे पहिल्या थरातले, म्हणून शिक्षिकांनी गाळले असणार. पण अशा गोष्टींत खरी नजर ठेवायची ती सोप्या शब्दांवर. अवघड शब्द शब्दकोशात सापडतो. सोपा शब्द आपल्याला माहीत आहे असं वाटतं आणि लेखकानं तेवढ्यात त्याचा अर्थ बदललेला असतो. पहिल्याच ओळीत सगळे 'ईक्वल' झालेत. आपल्या मुलांना हा शब्द चांगला म्हणून माहीत आहे आणि तो चांगलाच आहे. मग दोन परिच्छेदांत कळतं, की इथं ईक्वल म्हणजे सगळ्यांना वर येण्याची संधी नाही, वर आलेल्याला खाली ओढणं. हेझलची बुद्धी 'ॲव्हरेज' आहे, म्हणजे एका वेळी थोडासाच विचार टिकतो. ॲव्हरेज म्हणजे एवढंच? की सगळ्यांना तिथं आणून बसवल्यावर ॲव्हरेजच खाली सरकलं? आणि तीच हेझल म्हणते, की नॉर्मल काय ते माझ्याहून चांगलं कुणाला कळणार! मुलाला एका वहीच्या पानाचे दोन भाग करू द्या. डावीकडे या चार शब्दांचा त्याला शाळेत, मैदानावर माहीत असलेला अर्थ, उजवीकडे 2081 सालातला. वीस शब्दांच्या यादीपेक्षा हे पान मोलाचं होईल.

मोठी माणसंही या सोप्या शब्दांत अडकतात. केसी मार्टिन नावाच्या गोल्फपटूच्या पायाला दुखणं होतं, त्याला चालणं अवघड जायचं. व्यावसायिक स्पर्धेत दोन फटक्यांच्या मध्ये चालण्याऐवजी छोटी गाडी वापरू द्या, एवढी त्याची मागणी होती. 2001 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी ती मान्य केली. विरोधात निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी शेवट केला तो या गोष्टीच्या पहिल्या ओळींवर: साल 2001, आणि सगळे एकदाचे समान झाले. टोला झकास आहे, पण माझ्या मते नेम चुकला. दुखऱ्या पायाच्या माणसाला गाडी देणं आणि धडधाकट माणसाच्या गळ्यात छऱ्यांची पिशवी बांधणं या दोन गोष्टी एक नव्हेत. तुमच्या मुलाला काय वाटतं ते विचारा. तो स्कॅलियांच्या बाजूनं बोलला तरी हरकत नाही. 'हँडिकॅप', 'फेअर' आणि 'ईक्वल' हे तीनही शब्द त्याला त्या वादात वापरावेच लागतील.

राहिली तुमची उडालेली झोप. एक बारीक दुरुस्ती करते: वडिलांच्या डोळ्यांदेखत होत नाही. जॉर्ज त्या वेळी बिअरचा डबा आणायला स्वयंपाकघरात गेलेला असतो. बघते ती आई. तो परत येतो तेव्हा तिच्या गालांवर पाणी असतं आणि कशाचं ते तिला सांगता येत नाही, टीव्हीवर काहीतरी फार वाईट दाखवलं एवढंच. तो म्हणतो, वाईट गोष्टी विसरून जाव्यात. ती म्हणते, मी नेहमी तेच करते. गोळीबार दोन वाक्यांत उरकलाय, रक्ताचा थेंब दाखवलेला नाही. तुमचा मुलगा फोनवरच्या खेळांत याहून जास्त बघत असेल. तुमची झोप उडवली ती हेझलनं, आणि ते योग्यच आहे. आई म्हणून तुम्हाला ते जितकं लागलं तितकं त्याला लागणार नाही, कारण तो ती गोष्ट हॅरिसनच्या बाजूनं वाचतोय. चौदा वर्षांचा, सात फूट उंच, कुणालाही न जुमानणारा मुलगा! तेराव्या वर्षी ही गोष्ट द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त वीस शब्दांच्या चाचणीपुरती देऊ नये. तुम्हाला काय वाटलं ते त्याला एकदा सांगा, मराठीत, शिकवण्याचा आव न आणता. आईला एखाद्या गोष्टीनं झोप लागली नाही, हे मुलांना सहसा कळत नाही.

रोज तासभर वगैरे लागणार नाही. सोमवारी यादी आली की पहिल्यांदा गोष्ट मोठ्यानं वाचा, एक पान त्यानं, एक तुम्ही. तुमचे उच्चार चुकले तर तो सुधारेल आणि त्याला ते फार आवडेल. वाचताना यादीतला शब्द आला की पेन्सिलीची खूण, बाकी काही नाही. मंगळवारी कार्डं, पण मागच्या बाजूला कोण, कुठे, काय झालं एवढंच, त्याच्याच अक्षरात, हवं तर चित्र किंवा मराठी शब्द. बुधवारी कार्डं तुमच्या हातात. तुम्ही प्रसंग सांगायचा, त्यानं शब्द सांगायचा. अडला तर लगेच सांगून टाकू नका, दहा सेकंद झगडू द्या, त्या झगड्यातच शब्द रुजतो. गुरुवारी फक्त स्पेलिंग आणि लवकर झोप. मग पुढच्या सोमवारी, नवी यादी आलेली असताना, जुन्यातले पाचच शब्द जेवताना विचारा. हे एक केलंत आणि बाकीचं सगळं सोडलंत तरी चालेल.

आणि शिक्षिकांना दोन ओळींची ईमेल टाका: चाचणीत अर्थाऐवजी तो शब्द गोष्टीत कुठे आला आणि तिथं तोच का, असं त्याच्या शब्दांत लिहिलं तर चालेल का? हो म्हणाल्या तर उत्तम. नाही म्हणाल्या तरी बिघडत नाही, शुक्रवारचे मार्क तो तसेही आणतोच आहे.